तारपा कुठाय?

मावशींनी मोज्यात पाय नाही, हात घातला. मनगटाच्या वर चार बोटं येईल इतका ओढून घेतला, आतून मूठ वळली आणि ताणलेलं कापड उजेडाकडे धरून मनगट सावकाश फिरवायला लागल्या. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं, एकमेकांच्या कमरेत हात घातलेली, पोटरीभोवती फेर धरणारी. डिसेंबरची सकाळ होती. जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या गिफ्ट शॉपमध्ये मी खोकी फोडत बसले होते आणि लाँड्रीतल्या मावशी टॉवेलांची चळत घेऊन जाता जाता सहज थांबल्या होत्या. नव्या मोज्यांना एक वास असतो, वाफेचा, कोमट सुताचा, थोडा प्लास्टिकच्या पिशवीचा. तो काउंटरभर पसरला होता. मी फार खुशीत होते. तीनशे जोड, ठरल्या दिवशी, रंग अगदी हवा तसा. मावशींनी एक फेरी पुरी केली, दुसरी केली, मग माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, तारपा कुठाय?”

एवढंच विचारलं, आणि टॉवेल उचलून निघून गेल्या.

गेली सहा वर्षं मी चार रिसॉर्टच्या गिफ्ट शॉपना वस्तू बनवून देते. फ्रिजवरचे मॅग्नेट, कीचेन, कापडी पिशव्या, मातीचे कप. घरी जाताना माणसाला काहीतरी न्यायचं असतं, आणि ते हलकं, न फुटणारं, तीनशेच्या आतलं हवं असतं. मॅग्नेट आता सगळ्यांच्या फ्रिजवर झाले. कपाला कागदात गुंडाळावं लागतं. मोज्यांची कल्पना मला त्या काउंटरवरच सुचली. मुंबईहून, सुरतेहून, नाशिकहून आलेली माणसं संध्याकाळी चपला घालून उतरतात आणि रात्री आठनंतर विचारत येतात, मोजे मिळतील का. जव्हारची थंडी कुणाच्या हिशेबात नसते. दुपारी ऊन चटका देतं, रात्री फरशी पायाला चावते. तेव्हा वाटलं, गरजेची वस्तू आहे, फ्री साइज असते, घरी गेल्यावर कपाटात पडून राहणार नाही. कुणीतरी रोज सकाळी ती पायात चढवील आणि त्याला ती रात्र आठवेल. मला अजूनही ही कल्पना आवडते. शोभेची वस्तू आठवणीला भिंतीवर टांगून ठेवते, मोजे तिला सोबत घेऊन हिंडतात, धुतले जातात, झिजतात.

पण मोजा पायात जातो, आणि आपल्याकडे पायात काय जावं याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नसले तरी सगळ्यांना पाठ असतात. लहानपणी पेपरवर चुकून पाय पडला तरी वाकून हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. रिसॉर्टच्या मॅनेजरनी पहिल्यांदा सुचवलं ते जयविलास पॅलेस. ते चाललं असतं, पण राजवाड्याच्या कमानी सुतात उतरवणं अवघड. मग ते म्हणाले, शिरपामाळ टाका, महाराज १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना तिथं थांबले होते, लोकांना आवडेल. मी त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही. महाराजांचा मुक्काम जिथं पडला ती जागा पायात? मॅनेजरही लगेच वरमले. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. मोजा म्हणजे पाय, हे क्षणभर त्यांच्या डोक्यातून निसटलं होतं. मग बोहाड्याचे, म्हणजे इथल्या सोंगांच्या उत्सवातले मुखवटे आठवले, पण तेही देवांचे. शेवटी आम्ही तारपा नाचावर आलो, तारपा नावाच्या लांब वाद्याभोवती फेर धरून होणाऱ्या वारल्यांच्या नाचावर.

वारली चित्र म्हणजे हल्ली कपापासून पडद्यापर्यंत सगळीकडे, हे मला माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं कुठल्यातरी कॉम्प्युटरवर कुणीतरी नक्कल केलेलं असतं हेही माहीत आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी भिंतीवरचं हे चित्र कागदावर आणून जगाला दाखवलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस काढायचा आणि खाली नाव कुणाचंच घालायचं नाही, हे थांबलेलं नाही. मला तसं करायचं नव्हतं. म्हणून जवळच्याच एका पाड्यावर राहणाऱ्या चित्रकारांकडे गेले. त्यांना मी दादा म्हणते. वय माझ्याएवढंच असेल, वडील भात लावतात, हे भातही लावतात आणि चित्रंही काढतात. मी आधीच चाचरत सांगितलं की देव नको, पालघट देवीचा देवचौक नको, पायात जाणार आहे. दादा म्हणाले, “देवचौक लग्नातला असतो ताई. सवाष्णी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाते, तेव्हा तो होतो. तो मी मोज्यावर देईनच कशाला?” मला हायसं वाटलं. वाटलं, अवघड भाग संपला. त्यांनी बांबूची काडी चघळून मऊ केली, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवली आणि गेरू लावलेल्या कापडावर दोन तासांत तारपा नाच काढून दिला. बाहेरून आत वळत जाणारी माणसांची ओळ, मधे तारपा वाजवणारा एकटा, त्याचा तारपा अंगापेक्षा लांब. मी सहा हजार रुपये दिले. त्यांनी मोजले नाहीत, तसेच खिशात ठेवले.

पुढचं सगळं फोनवर झालं. मोजे विणणारा कारखाना लुधियानाकडचा. ज्यांनी मोजा कधी उलटा करून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण गोष्ट तिथंच आहे. मोजा विणणाऱ्या मशीनला एक गोल नळकांडं असतं आणि त्याच्याभोवती सुया. आमच्या मशीनला १६८ सुया होत्या. म्हणजे चित्र कितीही नाजूक असो, पायाभोवतीची अख्खी दुनिया १६८ चौकटींत बसवायची. वर इलॅस्टिकच्या पट्टीपासून सुरुवात होते आणि सूत गोल गोल फिरत, न तुटता, पोटरीवरून घोट्याकडे उतरत जातं. टाचेशी आल्यावर नळकांडं पूर्ण फिरायचं थांबतं आणि अर्ध्यात मागेपुढे करून टाचेची खोळ विणतं. मग पुन्हा गोल, चवड्यापर्यंत. शेवटी बोटांकडचं तोंड शिवायचं, पत्र्याच्या पायावर मोजा चढवायचा, वाफ द्यायची, की त्याला आकार येतो. टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो, त्यामुळे कागदावरचं गोल डोकं मोज्यावर चपटं दिसतं. ते गोल दिसायला हवं तर चित्रात आधीच उभट काढावं लागतं. सूत ऐंशी टक्के कॉटन, बाकी नायलॉन आणि थोडं स्पँडेक्स. रंग दोनच, गेरूचा आणि पांढरा, म्हणून भाव बरा मिळाला. दादांच्या ओळीतली माणसं कमी करून एका फेरीत बारा बसवली, प्रत्येकाला चौदा टाके. बाराचौदे एकशे अडुसष्ट. हा हिशेब जमला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो घरी सगळ्यांना सांगितला.

खरी अडचण तारपावाल्याची होती. विणताना पांढरा धागा जिथं दिसायला नको तिथं तो आतल्या अंगाला सुटा राहतो. नाचणाऱ्यांचे हात एकमेकांत अडकलेले, त्यामुळे धागा एका माणसाकडून दुसऱ्याकडे अलगद जातो, कुठं लोंबत नाही. एकटा माणूस आला की पंचाईत. त्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा, म्हणून धागा तरी लांब लोंबणार, नाहीतर दर वेळी कापावा लागणार, आणि कापलेली टोकं मोजा घालताना पायाच्या बोटांत अडकणार. नखात धागा अडकून मोजा उसवला की गिऱ्हाईक परत घेऊन येतं. कारखान्याच्या डिझाइनवाल्याने मला दोन ओळींत लिहिलं, मधला एकटा माणूस काढून टाकतो, नाचणारे तेवढे ठेवतो, चालेल ना. सोबत फोटो होता. मी तेव्हा ठाण्याला बँकेत रांगेत उभी होते. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. छान दिसत होता, आधीपेक्षाही सुटसुटीत. मी “ओके” लिहिलं.

दादांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

मावशींच्या प्रश्नानंतर मी दिवसभर काउंटर लावला, कार्डं अडकवली, किमतीची लेबलं चिकटवली, आणि सगळा वेळ तो प्रश्न हातापाशी घुटमळत होता. मी ज्याला घाबरत होते ते झालंच नव्हतं. नाच पायात गेला याचं मावशींना काहीच वाटलं नव्हतं. नाच पायांचाच असतो, त्यात वावगं काय? त्यांना खटकलं ते वेगळंच, आणि ते इतकं उघड होतं की मला दिसायला हवं होतं. कारण मी तो नाच पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी, भाताची कापणी झाल्यावर, दिवाळीच्या आसपास, एका पाड्यावर रात्री उशिरापर्यंत उभी होते. तारपा मी तोवर चित्रातच पाहिला होता. जवळून बघितला तेव्हा कळलं, वाळलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब भोंगा, सांध्यांना काळं मेण. आवाज सुरू झाला तो थांबेचना. माणूस श्वास कधी घेतो तेच कळत नव्हतं. गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि तो हळूहळू फिरतोय, त्याच्याभोवती ओळ फिरतेय. जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांनी तारपा बनवण्यात आणि वाजवण्यात जन्म घालवला, असं मी ऐकून होते. त्या रात्री कळलं की यात जन्म कसा जाऊ शकतो.

आणि एक गोष्ट त्या रात्री कुणीतरी मला कानात सांगितली होती, तारप्याकडे पाठ करायची नाही. ओळ वळते, उलगडते, पुन्हा गुंडाळते, पण तोंड त्याच्याकडे. त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. ओळीतल्या पहिल्याच्या हातात काठी असते, घुंगरांची, पण ठरवणारा तारपावाला. माझ्या पायात तेव्हा चपला होत्या आणि धुळीतून गारठा वर चढत होता. मी पायांवर पाय घासत उभी होते, आणि नाचणाऱ्यांचे पाय अनवाणी. ती धूळ, ते पाय, तो न तुटणारा सूर हे सगळं मला मोज्यावर हवं होतं. आणि मी काय केलं? फिरणारी माणसं ठेवली आणि ती ज्याच्यासाठी फिरतात तो काढून टाकला, कारण तो एकटा होता आणि त्याच्याभोवती धागा टिकत नव्हता.

रात्री घरी मी तो मोजा उलटा केला. आतली बाजू मला नेहमीच खरी वाटते. आजी लोकरीचे मोजे विणायची, नात्यात कुणालाही दिवस राहिले की आजीच्या सुया सुरू. पांढरी किंवा पिवळी लोकर, अंगठ्याएवढे मोजे, घोट्याशी ओवलेली दोरी. ती काम बघायची ते नेहमी उलट्या बाजूने. “सरळ बाजू सगळ्यांना दाखवायची असते, उलटी आपल्याला बघायची असते,” म्हणायची. तिच्या स्वतःच्या टाचांना भेगा, त्यात ती रात्री मेणाचं मलम भरायची आणि वर जुने मोजे चढवायची, आजोबांचे, टाचेला भोक पडलेले. पुढे आईने अंगठ्याचे मोजे धरले. ते फक्त आपल्याकडच्या बायकांच्या पायात दिसतात असं मला लहानपणी वाटायचं: कातडीच्या रंगाचे, अंगठा वेगळा, चपलेत घालता यावेत म्हणून. ऊन, धूळ आणि भेगा या तिन्हींसाठी एकच उपाय. स्कूटरवर बसलेल्या आईचे ते पाय मला अजून आठवतात. आमच्या घरातल्या बायकांचे मोजे कधी शोभेचे नव्हतेच. पाय दुखतो, पाय फाटतो, म्हणून मोजा. आणि मी आता त्यावर चित्रं विणून दोनशे नव्याण्णवला विकत होते.

तिसऱ्या दिवशी दादांकडे गेले. जाताना वाटेत काय बोलायचं ते तीन वेळा ठरवलं. एक जोड त्यांच्या हातात दिली आणि एका दमात सांगून टाकलं की तारपावाला काढला, मला न विचारता नाही, मला विचारून काढला, आणि मी तुम्हाला विचारलं नाही. दादा रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मोजा बघितला, मग आजीसारखाच उलटा केला. आतले धागे अंगठ्याच्या नखाने हलवून पाहिले. लोंबणारं एक टोक ओढून बघितलं. “हा धागा मोकळ्या जागेत सुटतो, म्हणून त्याला काढला?” मी हो म्हटलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. अंगणात भात वाळत घातलेला होता, कोंबड्या त्यात शिरत होत्या आणि त्यांची लहान मुलगी काठीने त्यांना हाकलत होती. दादा तिकडे बघत म्हणाले, “पन मोकळी जागा कुठाय?”

मला कळलं नाही. त्यांनी मुलीच्या दप्तरातून चौकटीची वही मागवली. मी १६८ चौकटी मोजून दिल्या, दोन पानं जोडावी लागली. मी सांगितलं, साधारण चार-पाच टाक्यांवर धाग्याला कुठंतरी धरायला मिळालं की तो लोंबत नाही. दादांनी घोट्याच्या वर तारपावाला काढला, चौकट चौकट भरून, तारपा तिरका, पायऱ्यांसारखा उतरणारा. डोकं उभट काढलं, मी सांगायच्या आधीच. मोज्यावरची चपटी डोकी त्यांनी बघून ठेवली होती. मग त्याच्या सगळीकडे, चार चौकटी सोडून एक, चार सोडून एक, ओळीआड थोडं सरकवत, ठिपके द्यायला लागले. “भात पसरलाय,” ते म्हणाले. “कापणी झाल्याशिवाय तारपा वाजतच नाही. दाणा दाणा धागा धरंल.” मी त्या वहीकडे बघत राहिले. जी जागा मला आणि त्या कारखान्यातल्या मुलाला रिकामी दिसली होती ती त्यांच्या लेखी खळं होती, तिथं दाणे असणारच. पेन्सिल त्यांच्या हातात सावकाश चालत होती आणि मधेच ते तोंडाने आकडे पुटपुटत होते. भिंतीवर तांदळाचं पीठ चालवणारा तो हात आता टाके मोजत होता. मला याचं बरंही वाटलं आणि वाईटही. चित्राला मशीनच्या हिशेबात बसायला लागतंय, याचं वाईट. पण हिशेब त्यांनी केला होता, आणि माझ्यापेक्षा चांगला.

या वेळी पैशांचंही वेगळं ठरवलं. जोडीमागे दहा रुपये, जोवर हे चित्र विणलं जाईल तोवर, आणि कार्डावर त्यांचं नाव. ते म्हणाले, नावाखाली पाड्याचं पण लिहा. कारखान्याने आधी कुरकुर केली, मग नमुना विणून पाठवला. मी तो उलटा करून हात फिरवला. बोटाला एकही टोक लागलं नाही.

दुसरा लॉट फेब्रुवारीच्या शेवटी आला. थंडी सरत आली होती, खरं तर मोज्यांचा मोसम संपला होता. मी मुद्दाम मावशींच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबले. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि मागच्यासारखाच मोज्यात हात घातला. मूठ वळली. मनगट फिरायला लागलं. बारा माणसं गेली, आणि घोट्याच्या जागी, मनगटाच्या हाडावर, तारपावाला आला. तिथं त्या थांबल्या. अंगठा त्याच्या बाजूच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून नेला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“भात कुनी पसरला?” त्यांनी विचारलं.

मी दादांचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, त्या त्यांच्या आईला ओळखत होत्या. मोजा काढून त्यांनी नीट घडी घातली, जोडीवर जोडी ठेवली. मग त्यांची नजर खालच्या कप्प्यात गेली. पहिल्या लॉटमधले चौऱ्याण्णव जोड तिथं अजून होते, वीस टक्के सवलतीची चिठ्ठी लावलेले.

“आन् ह्यांचं काय करनार?”

मला उत्तर सुचलं नाही. मावशींनी त्यातला एक जोड काढला, बाहेर नेऊन पायरीवर बसल्या आणि या वेळी पायात घातला. दोन्ही पाय पुढे पसरून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या होत्या.

ते मोजे मी त्यांना तसेच दिले. उरलेले त्र्याण्णव अजून खालच्या कप्प्यात आहेत.